सुलूच्या वाट्याच्या शिव्या

एकोणनव्वद साली मी सुलूवर जळायचे, आणि कारण ऐकलंत तर हसाल. तिला रोज शिव्या पडायच्या. मला पडत नव्हत्या.

शिव्या देणारे होते पंढरीनाथ सर. भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कच्या अलीकडे, एका इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा टायपिंगचा क्लास होता. सहा मशीन, एक ट्यूबलाइट, भिंतीवर कळफलकाचा तक्ता आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर विटेएवढी जाड इंग्रजी डिक्शनरी. सर मूळचे रत्नागिरीकडचे. फोर्टातल्या एका इंग्रजी छापखान्यात बत्तीस वर्षं प्रूफं तपासून निवृत्त झाले आणि गिरगावातली खोली सोडून इकडे राहायला आले. आवाज कधी चढवायचे नाहीत. टाइप केलेला कागद हातात घ्यायचे, कानावरची पेन्सिल काढायचे, चुकीखाली बारीक रेघ ओढायचे आणि समासात एक इंग्रजी शब्द लिहायचे. अर्थ दर वेळी एकच, मूर्ख. शब्द मात्र दर वेळी नवा.

मग खुर्ची ओढून त्या पोराशेजारी बसायचे आणि त्या शब्दाची जन्मकथा सांगायचे.

"ब्लॉकहेड. पूर्वी तिकडे केसांचे टोप घालायचे ना साहेब लोक? ते टोप, हॅटी चढवून ठेवायला डोक्याच्या आकाराचा लाकडी ठोकळा असायचा. आकार डोक्याचा, आत नुसतं लाकूड. तसा तू. 'दे' आणि 'देअर' यात फरक आहे, हे पाचव्यांदा सांगतोय."

ज्याला शिवी पडली तो हसायचा, आणि आजूबाजूची मशीनं थांबायची. दहा मिनिटं सर फक्त त्याचे असायचे.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. दादरची दोन खोल्यांची जागा सोडून आम्ही नुकतेच जेसल पार्कात आलो होतो. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, घरी बाबांचा जुना टाइपरायटर, त्यामुळे बोटं आधीच बसलेली. पहिल्या महिन्यातच माझा कागद बिनचूक यायला लागला. सर तो वरपासून खालपर्यंत वाचायचे, पेन्सिल कानावरच राहायची आणि ते म्हणायचे, "ठीक."

बस्स. ठीक. मराठीत, आणि त्याला काही गोष्टही नाही.

दिवाळीनंतर सुलू आली. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, पोलादपूरकडची. स्टेशनच्या मागच्या चाळीत भाऊ नाथा आणि वहिनी मंदा यांच्याकडे राहायची. नाथा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होता, सुलू त्याच कारखान्यात चमचे पुसून खोक्यात भरायची. साडेसहाला यायची तेव्हा तिच्या नखांच्या कडा काळ्या असायच्या. दहावीला इंग्रजीत नापास झालेली. आपण काही विचारलं की लगेच उत्तर नाही, आधी तोंडाकडे बघत राहायची, मग बोलायची.

माझ्या शेजारच्या मशीनवर हंसा नावाची मुलगी होती, गुजराती, फार बोलकी. तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "सुलूताई, शादी हुई आपकी?"

"हुई थी," सुलू म्हणाली. "वापस भेज दिया. बोले, येडी हाय."

हे तिने असं सांगितलं, जसं कुणी सांगेल की माझी सातची बस चुकली. हंसाने मशीनला नवा कागद लावला. त्या दिवसापासून क्लासमध्ये सगळे तिला सुलूताई म्हणायला लागले. मी मात्र सुलूच म्हणत राहिले. तेवढंच माझ्या हातात होतं.

तिच्या पहिल्या कागदावर अकरा चुका निघाल्या. सरांनी समासात लिहिलं, डन्स.

"डन्स म्हणजे ढ," सर म्हणाले. "पण गंमत ऐक. सहा-सातशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमध्ये डन्स नावाच्या गावचा एक मोठा पंडित होऊन गेला. एवढा हुशार की त्याचे ग्रंथ लोक दोन-दोनशे वर्षं वाचत होते. पुढे नवं शिक्षण आलं. त्याच्या मागून जाणारे लोक जुनंच धरून बसले, म्हणून नव्या लोकांनी त्यांची टिंगल सुरू केली. ते बघा, डन्सवाले! असं होत होत पंडिताचं गाव ढ माणसाची शिवी झालं."

सुलू त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हंजे मास्तर शहाणाच होता."

"होता तर."

"मग त्याला कुठं ठाऊक, आपल्या नावाचं असं होणार. बिचारा."

सर हसले. मी आठ महिने तिथे जात होते, सरांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. मला ते टोचलं. त्याला हेवा म्हणतात हे तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, हे आपलं टायपिंगच्या क्लासच्या शिस्तीविषयीचं मत आहे. चुका करणाऱ्याला एवढा वेळ कशाला द्यायचा?

मग रोज तेच. बूबी. स्पॅनिश भाषेतून आलेला असावा, सर म्हणाले, आणि त्याच्याही मागे लॅटिनमधला तोतऱ्या माणसाचा शब्द आहे. समुद्रावरच्या एका पक्ष्यालाही खलाशांनी तेच नाव दिलं, कारण तो जहाजावर येऊन निवांत बसायचा आणि हाताने धरला तरी उडायचा नाही. सुलूने विचारलं, "त्याला माणसाचं भ्या माहीत नसल, म्हणून?" सिली. आज त्याचा अर्थ खुळचट, पण फार जुन्या इंग्रजीत तोच शब्द सुखी, देवाची कृपा असलेल्या माणसासाठी होता. मग निष्पाप, मग बिचारा, मग बावळट. नाइस. आपण चांगल्याला नाइस म्हणतो, पण लॅटिनमधून निघाला तेव्हा तो होता अडाणी, काही न जाणणारा. निन्कमपूप आला तेव्हा सर थोडे थांबले. "याचं मूळ कुणालाच नक्की माहीत नाही. एका जुन्या कोशकाराने सांगितलं की कोर्टातल्या एका लॅटिन शब्दावरून आला, भान ठिकाणावर नसलेल्या माणसासाठीच्या. पण जुनी स्पेलिंगं त्याच्याशी जुळत नाहीत. तेव्हा माहीत नाही असंच म्हणायचं."

सुलू असे सगळे कागद जपून ठेवायची. पोती शिवायच्या सुईने आणि सुतळीने तिने त्यांचा गठ्ठा बांधला होता. लोक सर्टिफिकेटं ठेवतात, तिने शिव्या ठेवल्या होत्या.

जानेवारीत सरांनी माझं मशीन काढून तिला दिलं.

चार नंबरचं मशीन, डाव्या भिंतीला लागून. त्याची अक्षरं सगळ्यात हलकी चालायची आणि मी पहिल्या दिवसापासून त्याच्यावर बसायचे. एका संध्याकाळी गेले तर तिथे सुलू.

"सर, हे माझं मशीन आहे," मी म्हटलं.

"आजपासून तू दोनवर बस."

"पण का?"

"कारण मी सांगतोय."

दोन नंबरच्या मशीनवर बोटं दुखायची. मी रात्री जेवताना आईला म्हटलं, सरांना अडाणी लोकच आवडतात. आई म्हणाली, "तुला काय करायचंय, तू तुझं टायपिंग शीक." पण मला टायपिंग शिकायचं राहिलंच नव्हतं. मला एक शिवी हवी होती.

म्हणून मी मुद्दाम चुका करायला लागले. पहिल्या दिवशी दोन, मग चार. सरांनी कागद घेतला, पेन्सिल काढली, चारही ठिकाणी रेघ ओढली. मी समासाकडे बघत बसले. समास कोराच राहिला.

"रसिका," ते हळूच म्हणाले, "चुकणाऱ्याची बोटं एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा अडखळतात. तुझ्या चुका छान अंतराअंतरावर पेरल्यासारख्या आहेत. नवा कागद लाव."

हंसाने ऐकलं. सुलूने ऐकलं की नाही कळलं नाही, ती मान खाली घालून टाइप करत होती. त्या दिवशी घरी जाताना मी तिचा जितका राग केला, तितका कुणाचाच केला नव्हता.

फेब्रुवारीत तिच्या नवऱ्याचा, रामाचा, मोठा भाऊ विठू क्लासवर आला. सोबत कुणी नाही, हातात स्टॅम्प पेपरची गुंडाळी. नाथा घरी नव्हता म्हणून चाळीतल्यांनी त्याला इकडे पाठवलं होतं. तो दारातूनच बोलायला लागला, "सुले, सही कर हिथं. रामाचं दुसरं जमतंय, सोडचिठ्ठी पायजे." मग आम्हा सगळ्यांकडे बघून, जणू आम्ही विचारलंच होतं, "पोरगी वाईट न्हाय, पन डोस्क्यानं कमी. हाक मारली तरी कळत न्हाय तिला."

मशीनं थांबली. सर उठायला लागले, पण सुलूने हात करून त्यांना बसवलं. तिने तो कागद मशीनच्या बाजूला ठेवला आणि एकेका शब्दाखाली बोट ठेवत वाचायला लागली. कुणा वकिलाकडून इंग्रजीत करून आणला होता. फार वेळ लागला. विठू दोनदा म्हणाला, "वाचून काय कळनार हाय तुला?" तिने मान वर केली नाही.

मग तिने सरांना विचारलं, "सर, अनसाउंड माइंड. ही शिवी तुम्ही नाय सांगितली."

"ती शिवी नाही," सर म्हणाले. "तो कायद्याचा शब्द आहे. त्याचा अर्थ, हिचं डोकं ठिकाणावर नाही. नवऱ्याने सोडायचं कारण म्हणून लिहिलंय."

"आणि मी सही केली तर ते खरं?"

"तू कबूल केल्यासारखं होईल."

सुलूने सरांकडे हात पुढे केला. सरांना आधी कळलं नाही. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढून तिला दिली. त्या पेन्सिलीला त्यांनी आमच्यापैकी कुणाला कधी हातही लावू दिला नव्हता. सुलूने त्या दोन शब्दांखाली बारीक रेघ ओढली, आणि समासात प्रूफवाले करतात तशी काढून टाकायची खूण केली, शेपटीवाली. सरांच्या खुणा बघून बघून ती तिच्या हातात बसली होती. मग कागद विठूला परत दिला.

"एवढं चुकलंय," ती म्हणाली. "काढून नवा आणा. मग मी सही करते. मला पन सुटायचंच हाय."

विठू गुंडाळी करून निघून गेला. पंधरा दिवसांनी नवा कागद आला. त्यात ते दोन शब्द नव्हते. तिने सही केली.

पण मी सांगतेय ती त्याच संध्याकाळची गोष्ट. विठू गेल्यावर सुलूने पेन्सिल सरांना परत केली. सर खुर्ची ओढून तिच्या उजव्या बाजूला बसले.

"आज तुझी चूक एकही नाही," ते म्हणाले, "पण एक शब्द सांगतो. क्रेटिन. फार वाईट शिवी आहे, मी कुणाच्या कागदावर लिहिणार नाही. युरोपात आल्प्स नावाचे डोंगर आहेत. तिथल्या दऱ्यांमध्ये पूर्वी काही पोरं गळ्याला गाठ घेऊन, वाढ खुंटलेली, मंद बुद्धीची जन्मायची. लोक त्यांना त्यांच्या बोलीत म्हणायचे, ख्रिस्ती. तोच शब्द पुढे क्रेटिन झाला. ख्रिस्ती म्हणजे त्यांच्या भाषेत काय, तर माणूस. जनावर नव्हे. कसाही असला तरी हा माणूस आहे, असं सांगणारा तो शब्द होता. शिवी मागाहून झाली."

सुलू रडली. सरांनी डोळे पुसले. हंसा तर हुंदके देत होती.

आणि मी? आज लिहितानाही लाज वाटते. मी दोन नंबरवर बसून विचार करत होते, हिने आज चूकसुद्धा केली नाही, तरी हिला शब्द मिळाला.

त्यानंतर काही महिन्यांनी ओफ आला. सुलू आता बरीच सुधारली होती, पानाला एखादी चूक. सरांनी ओफ लिहिलं आणि सांगताना जरा अडखळले. "ओफ म्हणजे धोंडा, बावळट. पण मुळात... तिकडे लोक मानायचे की रानातले यक्ष रात्री येतात, पाळण्यातलं चांगलं पोर उचलून नेतात आणि त्याच्या जागी आपलं पोर ठेवून जातात. ते पोर माणसांत वाढतं, पण त्याला काही कळत नाही. त्या बदललेल्या पोराला ओफ म्हणायचे."

सुलू तोंडाकडे बघत राहिली. मग ती म्हणाली, "पण सर, तेच पोर यक्षांच्या घरी शहाणं असल ना?"

सर उठले, डिक्शनरीपाशी गेले, उघडली, मिटली. मग म्हणाले, "चाळीस वर्षं मी हा शब्द वाचतोय. हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही."

ते वाक्य माझ्या डोक्यात का आलं नाही, म्हणून मी आठवडाभर नीट झोपले नाही.

ऑगस्टमध्ये आमच्या सोसायटीच्या गणपतीत वक्तृत्व स्पर्धा होती. विषय ज्याने त्याने निवडायचा. मी सुलूला म्हटलं, "तुझा तो गठ्ठा दोन दिवस देतेस? बघायचाय." तिने पिशवीतून काढून लगेच दिला. वर म्हणाली, "सुतळी नीट बांध गं, कागद निसटतात."

मी भाषणाला नाव दिलं, इंग्रजी शिव्यांच्या जन्मकथा. दोन रात्री पाठ केलं. मंडपात दीडशे माणसं असतील. मी डन्सपासून सुरुवात केली, ठोकळ्यावर हशा घेतला, बूबी पक्ष्यावर तर लहान मुलंही हसली. निन्कमपूपच्या वेळी मी ठणकावून सांगितलं की हा शब्द कोर्टातल्या लॅटिनमधूनच आला. माहीत नाही म्हटलं तर टाळ्या कशा पडणार? आणि शेवटी ओफ. यक्ष, पाळणा, बदललेलं पोर. मग मी थांबले, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "पण मित्रहो, मला नेहमी वाटतं, तेच पोर यक्षांच्या घरी शहाणं असेल."

मला नेहमी वाटतं, असं म्हणाले मी.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांचं नाव घेतलं नाही, सुलूचं तर प्रश्नच नव्हता. पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा जग. तो घेऊन स्टेजवरून उतरताना मागच्या रांगेत सर दिसले. त्यांच्या बाजूला सुलू आणि तिची वहिनी मंदा. हंसाने सगळ्या क्लासला बोलावलं होतं, मला न सांगता.

मला पळून जायचं होतं, पण मंडपाला दार एकच. मंदावहिनी म्हणाली, "किती छान बोललीस गं! आमची सुलू पन असलंच कायबाय सांगत असते घरी." सर चपला शोधत होते. सुलू माझ्याजवळ आली, अगदी जवळ, आणि म्हणाली, "निन्कमपूपचं चुकलं तुझं. सर म्हणाले होते, माहीत नाय म्हणून."

एवढंच. त्या शेवटच्या वाक्याबद्दल एक अक्षर नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी क्लासला गेले. एक पान टाइप केलं, बिनचूक. सरांनी वाचलं. मग कानावरची पेन्सिल काढली. एकाही शब्दाखाली रेघ नाही, पण समासात इंग्रजी शब्द लिहिला, फूल. आणि कागद माझ्यासमोर ठेवला.

वर्षभर ज्याची वाट बघितली ते समोर होतं. मी खुर्चीकडे बघितलं. सर बसले नाहीत.

"सर, याची गोष्ट?"

"डिक्शनरी तिथे आहे," ते म्हणाले आणि हंसाच्या कागदाकडे वळले.

मी स्टुलाशी गेले. पान सापडायला वेळ लागला, डोळ्यांपुढे अक्षरं नीट दिसत नव्हती. लॅटिनमधून आलेला शब्द. मूळ अर्थ, लोहाराचा भाता. हवेने फुगणारी कातड्याची पिशवी. त्यावरून, आत काही नाही आणि नुसतं फुस्स करत बोलणारा माणूस.

त्यानंतर मी क्लासला गेले नाही. मिनिटाला चाळीस शब्दांच्या परीक्षेचा फॉर्म भरलेला होता, तोही सोडला. सुलूचा गठ्ठा हंसाबरोबर परत पाठवला, सुतळी नीट बांधून. चिठ्ठी लिहायला तीनदा बसले, तिन्ही फाडल्या. घरी सांगितलं, बोटं दुखतात.

पुढे मला विमा कंपनीत नोकरी लागली. हंसा लग्न होऊन सुरतला गेली. तिच्याकडूनच कधीतरी कळलं की सुलू तीस आणि चाळीस दोन्ही परीक्षा पास झाली, चमच्यांचं काम सोडून एका वकिलाकडे टायपिस्ट लागली. मग कळलं की सर गेले, त्र्याण्णवच्या सुमाराला, आणि क्लासच्या जागी मिठाईचं दुकान आलं. मी त्यांच्या घरी भेटायला गेले नव्हते. मला बातमी महिनाभराने मिळाली होती, हे खरं आहे. आधी मिळाली असती तरी गेले असते का, ठाऊक नाही.

सत्त्याण्णव साली माझं लग्न ठरलं. पत्रिका छापायच्या होत्या. आईला कुणीतरी सांगितलं, मीरा रोडला शांती नगरमध्ये एक बाई कॉम्प्युटरवर पत्रिका करते, मराठी, गुजराती, इंग्रजी, आणि एकही चूक नसते. आम्ही दोघी गेलो. काचेच्या दारामागे सुलू बसली होती. केस थोडे पांढरे, डोळ्यांवर चष्मा, नखं स्वच्छ. मला बघून ती लगेच उठली. "रसिका! ये, ये. नाय, इकडून ये, या बाजूला बस."

तिने मला तिच्या उजव्या बाजूच्या खुर्चीवर बसवलं. आई पत्रिकांचे नमुने बघायला लागली. मी म्हटलं, "गुजरातीसुद्धा करतेस?"

"हंसाने शिकवलं, सुरतला जायच्या आधी. बाराखडी लिहून दिली होती." मग माझ्या चेहऱ्याकडे बघत ती म्हणाली, "या बाजूला का बसवलं, ठाऊक हाय? डाव्या कानाने मला ऐकायला येत नाय. लहानपणापासून. सासरी माझी चूल अशी होती की हाक डावीकडून यायची. मी ओ द्यायची नाय. ते समजले येडी."

"तू कधी बोलली नाहीस."

"मलाच कुठं माहीत होतं! सरांनी ओळखलं. सर मजकूर डावीकडून वाचून सांगायचे तेव्हा मी फिफ्टीचं फिफ्टीन करायची. उजवीकडून सांगितलं की बरोबर. मग मला डाव्या भिंतीला बसवलं, म्हणजे सगळे उजवीकडे. मी म्हटलं, सर, कुणाला सांगू नका, कारखान्यात कळलं तर काढतील."

चार नंबरचं मशीन. मी सात वर्षं त्या मशीनसाठी मनात भांडत होते.

मी म्हटलं, "सुलूताई, गणपतीत मी जे बोलले... ते शेवटचं वाक्य तुमचं होतं."

ताई म्हटलेलं तिच्या लक्षात आलं. तिने कीबोर्ड बाजूला सारला.

"लई राग आला होता," ती म्हणाली. "घरी जाऊन मी जेवले नाय. पण खरं सांगू? वाक्य नेलंस त्याचा तेवढा नाय आला. तू दीडशे माणसांपुढं उभी राहिलीस आणि बोललीस, त्याचा आला. माझ्या तोंडून ते चार माणसांत निघालं, तर मला घाम फुटला होता. मला वाटायचं, हिच्याकडं इंग्रजी हाय, घर हाय, आई-बाप हायत, सर हिचा कागद बघून नुसतं ठीक म्हणतात. मला एकदा तरी ठीक म्हणावं त्यांनी."

"म्हणाले नाहीत कधी?"

"कधीच नाय. चाळीसला पास झाले तेव्हा पन नाय. म्हणाले, पत्ता लिहायची पद्धत अजून चुकते."

आम्ही दोघी हसलो. आईने वळून बघितलं. भिंतीवरच्या फळीवर सरांची डिक्शनरी होती, नवं पुठ्ठ्याचं कव्हर घातलेली. सरांनी जाण्याआधी ती सुलूला दिली होती. मला ते बघून आत टोचलं, आजही टोचतं. मी माफी मागायला आले होते असं नाही, पण मागितली, आणि तरीसुद्धा टोचलं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात हे मला त्या खुर्चीवर कळलं.

पत्रिका आठवड्याने मिळाल्या. दोनशे पत्रिका, एकही चूक नाही. बाबांनी भिंग घेऊन तपासल्या. मी सुलूताईंना सहकुटुंब आमंत्रण दिलं. मंदावहिनी आणि नाथा आले, तांब्याचा कळशीवाला सेट घेऊन आले. ती आली नाही.

"तिला लई यायचं होतं," मंदावहिनी म्हणाली. "पण आजच दुकानात दुसरा कॉम्प्युटर येनार हाय. दोन पोरी ठेवल्यात शिकायला, आपल्या चाळीतल्याच. एकीला तर काहीच येत नाय. सुलू म्हणते, तिलाच शिकवायला मजा येते."

मी शालू सावरत स्टेजवर जाऊन बसले. लोक येत होते, हात जोडत होते, फोटो निघत होते. आणि मी त्या पोरीचा विचार करत होते, जिला काहीच येत नव्हतं.